दातदुखीची गोळी आणि दाताच्या नसेची तपासणी: दवाखान्यात जाण्याआधी काय करावं

दाढ रात्रभर ठणकली की माणूस आधी गोळी घेतो आणि मग डेंटिस्टचा नंबर शोधतो. यात गैर काहीच नाही. दातदुखी दात-ओठ खाऊन सोसत बसा, असं कुणी सांगूही नये. पण गोळी घेऊन दीड-दोन तासांनी खुर्चीत बसलेल्या पेशंटच्या दाताची तपासणी काही वेळा फसवी येते. मी दिवसभर रूट कॅनलचंच काम करते, त्यामुळे हा प्रसंग माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. पेशंट म्हणतो, "डॉक्टर, काल रात्री जीव जायची वेळ आली होती, आत्ता मात्र काहीच नाही." तोंडात बघावं तर एकाच बाजूला वर एक किडलेली दाढ, खाली एक जुनं फिलिंग, शेजारी एक तडा गेलेली. थंड लावलं की तिन्ही सारखंच उत्तर देतात. आता उघडायची कोणती?

म्हणून हा लेख. गोळी कधी घ्यावी, कधी थोडं थांबावं, काय लिहून ठेवावं आणि खुर्चीत काय बोलावं, हे क्रमाने सांगते. घाईत असाल तर एवढंच करा: कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची आणि किती वाजता घेतली, हे तपासणी सुरू होण्याआधी सांगा.

गोळी नेमकं काय झाकते

दाताच्या पोटात मऊ गर असतो, त्याला आम्ही पल्प म्हणतो. लोक ज्याला 'दाताची नस' म्हणतात ती हीच, फक्त तिच्यात मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्याही असतात. कीड आत पोचली की हा गर सुजतो. चारी बाजूंनी कठीण भिंती असल्यामुळे त्या सुजेला पसरायला जागा नसते आणि आतला दाब वाढतो. शिवाय सुजलेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती मज्जातंतूंची टोकं हळवी करून ठेवतात. एरवी क्षणभर गार वाटून जाणारा पाण्याचा घोट मग अर्धा मिनिट कळ देत राहतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, केटोरोलॅक या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणं कमी करतात. भुलीच्या इंजेक्शनासारखी त्या नस बधिर करत नाहीत. गोळी घेतल्यावरही निरोगी दाताला थंड कळतंच. कमी होतो तो आजारी दाताचा जादा हळवेपणा, आणि तपासणीत आम्ही शोधत असतो तो नेमका हाच. गोळीने दात बरा झालेला नसतो. सूज आणि कीड तिथेच असतात, त्यांची खूण तेवढी पुसट होते.

याचा अभ्यासही झाला आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'जर्नल ऑफ एंडोडॉन्टिक्स'मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. दातदुखीच्या ४२ रुग्णांची आधी तपासणी केली. मग काहींना ८०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि काहींना औषध नसलेली दिसायला तशीच गोळी दिली, आणि तासाभराने सगळ्या चाचण्या पुन्हा केल्या. कोणाला काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. ज्या दातांची नस जिवंत पण सुजलेली होती, त्यांच्यात आयबुप्रोफेनमुळे हिरडी दाबून बघण्याची चाचणी ४० टक्के, दातावर टकटक करण्याची २५ टक्के आणि थंडाची २५ टक्के वेळा झाकली गेली. औषध नसलेल्या गोळीने असं काही झालं नाही. चावताना किती जोर सोसतो हे मोजणाऱ्या चाचणीवर मात्र गोळीचा फारसा परिणाम दिसला नाही. ही शेवटची गोष्ट फार उपयोगाची आहे, पुढे ती येईलच. (८०० मिलिग्रॅम हा अभ्यासातला डोस होता, घरी स्वतःच्या मनाने घ्यायचा नव्हे.)

चूक झाली तर काय बिघडतं

थंड लावून काढून घेतल्यावर संवेदना एक-दोन सेकंदांत गेली तर नस ठीक. झटकन कळ आली पण लगेच विरली तर नस चिडलेली आहे, पण सावरण्यासारखी. कीड काढून फिलिंग केलं की बहुतेक वेळा भागतं. कळ रेंगाळली, अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त राहिली, किंवा काही कारण नसताना आपोआप, रात्री झोपेतून उठवण्याइतकी दुखू लागली, तर नस सावरण्याच्या पलीकडे गेलेली असते. तिथे बहुतेकदा रूट कॅनल करावं लागतं, काही निवडक दातांत वरचा खराब गर काढून खालचा वाचवता येतो. आणि थंड कळतच नसेल तर नस मेलेली असण्याची शक्यता जास्त.

आता गोळीमुळे अर्धा मिनिट रेंगाळणारी कळ चार-पाच सेकंदांवर आली असं समजा. सावरण्याच्या पलीकडचा दात फिलिंगने भागणाऱ्यासारखा दिसेल, त्यात फिलिंग होईल, आणि गोळी उतरल्यावर त्याच रात्री पेशंट कळवळेल. दुसरी शक्यता याहून वाईट. दुखरी दाढ गप्प राहिल्यामुळे शेजारची, दिसायला जास्त किडलेली पण निरोगी नसेची दाढ उघडली जाते. उघडलेल्या दाताची नस परत मिळत नाही.

आधी हे पाहा: थांबायचं नाही असे प्रसंग

खालच्या सगळ्या सूचना साध्या दातदुखीसाठी आहेत. गाल, जबड्याखालचा भाग किंवा डोळ्याभोवती सूज चढत असेल, ताप असेल, तोंड उघडत नसेल, गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जात असेल, तर गोळीची वेळ वगैरे काही बघू नका. ताबडतोब हॉस्पिटल गाठा. जबड्याबरोबर छातीत, डाव्या हातात दुखत असेल, घाम येत असेल, चालल्यावर वाढत असेल, तर ती दातदुखी नसून हृदयाची असू शकते. तेव्हा डेंटिस्टकडे नाही, आधी हृदयासाठी इमर्जन्सीला.

आणि डॉक्टरांनी लावून दिलेली कायमची औषधं दाताच्या तपासणीसाठी बंद करायची नाहीत. हृदयासाठीची इकोस्प्रिन, संधिवाताची गोळी, स्टेरॉइड, फिट्सची किंवा नसांच्या दुखण्याची प्रीगाबालिन, जे चालू आहे ते चालूच ठेवायचं आणि दवाखान्यात सांगायचं, एवढंच.

पहिली पायरी: गोळी गिळण्याआधी पाच मिनिटं

दुखणं जोरात असतं तेव्हाच सगळ्यात स्वच्छ माहिती मिळते. गोळी घ्या, पण त्याआधी मोबाइलवर चार ओळी लिहा. दुसऱ्या दिवशी माणसाला ठणका आठवतो, तपशील आठवत नाही.

थंडाने सुरू झालं की गरमाने? चहाने दुखतं आणि गार पाण्याची चूळ भरली की बरं वाटतं, असं होत असेल तर ते मुद्दाम लिहा. ही फार बोलकी खूण आहे. सुरू झाल्यावर किती वेळ राहतं, सेकंदात की मिनिटांत? चावल्यावर दुखतं, की चावणं सोडताना? आपोआप दुखतं का, आडवं झाल्यावर वाढतं का? आणि एका बोटाने दाढ दाखवता येते का, की कान, कानशील, वरचा-खालचा जबडा सगळंच ठणकतंय? नसेचं दुखणं खालच्या दाढेतून वरच्या दाढेत किंवा उलटं जाणवू शकतं, पण तोंडाच्या मधली रेघ ओलांडून डावीकडचं उजवीकडे सहसा जात नाही. म्हणून बाजू पक्की लिहून ठेवा.

दात मुद्दाम बर्फाने डिवचून बघायची गरज नाही. ते काम दवाखान्यात नीट होतं.

दुसरी पायरी: फोन करताना विचारा

अपॉइंटमेंट घेताना सरळ विचारा: "दुखतंय म्हणून गोळी घेतोय. तपासणीआधी थांबवू का?" काही दवाखान्यांत लक्षणं ऐकूनच दात लक्षात येतो आणि गोळी चालते. शक्य असेल तर सकाळची वेळ मागा. रात्री झोपताना गोळी घेतली, सकाळची टाळली आणि दहा-अकराला तपासणी झाली, तर रात्रही निभावते आणि तपासणीही बऱ्यापैकी खरी येते.

तिसरी पायरी: कोणत्या गोळीला किती अंतर

इथे जरा सावकाश वाचा, कारण सगळ्या पेनकिलर सारख्या नसतात आणि आपल्याकडे मेडिकलवाला जी देईल ती घेतली जाते.

साधं आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल यांचा जोर साधारण ४ ते ६ तास टिकतो. ब्रुफेन, क्रोसिन, डोलो ६५० आणि दोन्ही एकत्र असलेली कॉम्बिफ्लॅम यांत येतात. यांच्या बाबतीत ६ ते ८ तासांचं अंतर बहुधा पुरतं. केटोरोलॅकचा, म्हणजे केटोरॉल-डीटीचा परिणाम थोडा जास्त लांबतो. झिरोडॉल-पीसारखी असेक्लोफेनॅकची गोळी दिवसातून दोनदाच देतात, म्हणजे तिचा परिणाम अर्धा दिवस धरून चाला. नॅप्रोक्सेनचंही तसंच, किंबहुना थोडं जास्तच. नावापुढे 'एसआर' असलेली डायक्लोफेनॅकची गोळी हळूहळू विरघळणारी असते, ती साध्या गोळीहून बराच जास्त वेळ काम करते. इटोरिकॉक्सिब दिवसातून एकदाच घेतात आणि दुसऱ्या दिवशीही ती अंगात असते. पायरॉक्सिकॅम, म्हणजे डोलोनेक्स, तर शरीरातून निम्मी जायलाच सुमारे दोन दिवस घेते. तिच्या बाबतीत सकाळची गोळी टाळून काही साधत नाही. तेव्हा थांबून त्रास काढू नका, फक्त नाव सांगा.

त्यामुळे घरी तातडीची गोळी घ्यायचीच असेल, तर तुम्हाला चालणाऱ्यांपैकी कमी वेळ टिकणारी निवडा. पोटात अल्सर, किडनीचा आजार किंवा पेनकिलरने दमा उठण्याचा त्रास असेल, रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील, डेंग्यूची शंका असेल किंवा गरोदरपण असेल, तर आयबुप्रोफेनच्या जातीची गोळी स्वतःहून घ्यायची नाही. अशा वेळी पॅरासिटामॉल हा सहसा सुरक्षित पर्याय, मात्र लिव्हरचा आजार असेल तर तेही डॉक्टरांना विचारून. कॉम्बिफ्लॅम आणि झिरोडॉल-पी या दोन्हींत पॅरासिटामॉल असतंच. वरून डोलो घेतली की डोस नकळत दुप्पट होतो. प्रौढ माणसाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये, आणि वजन कमी असेल किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा त्याहून खाली.

एक मात्र नक्की. थांबणं सोसवत नसेल तर गोळी घ्या. वेदनेने कासावीस झालेल्या पेशंटची तपासणीही अवघडच होते, कारण मग प्रत्येक दाताला हात लावला की तो "आई गं" म्हणतो.

गोळीशिवायचे घरगुती इलाज

दातात लवंगेच्या तेलाचा बोळा, मिश्री, तंबाखू, हिरडीवर चोळायची बधिर करणारी जेल, हे सगळं तपासणीच्या दिवशी टाळा. लवंगेतलं युजेनॉल किडलेल्या खड्ड्यातून नसेला शांत करतं, जेल हिरडी बधिर करते, आणि दोन्हींमुळे आमचं उत्तर बदलतं. गालात अ‍ॅस्पिरिनची गोळी धरून ठेवण्याची पद्धत तर सोडूनच द्या. ती आतली कातडी भाजते आणि दातापर्यंत पोचत नाही. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्याही घेऊ नका. सुजलेल्या नसेचं दुखणं अँटिबायोटिकने थांबत नाही.

चौथी पायरी: खुर्चीत

गोळ्यांची पाकिटं किंवा त्यांचा फोटो सोबत न्या. "ती लाल-पांढरी गोळी" यावरून काही ठरत नाही. शेवटच्या २४ तासांतलं सगळं सांगा: पाठीसाठी घेतलेली ट्रामाडॉल, पाळीसाठी घेतलेली मेफ्टाल, झोपेची गोळी, रात्री घेतलेली दारूसुद्धा. यांनीही वेदनेची जाणीव कमी होते. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

थंडाची तपासणी नेमकी कशी होते ते सांगते, म्हणजे तुम्हाला नीट उत्तर देता येईल. डॉक्टर दात कापसाने कोरडा करतात. चिमट्यात धरलेल्या कापसाच्या बोळ्यावर गार करणारा स्प्रे मारतात, बोळ्यावर पांढरं दव धरतं आणि तो दाताच्या बाहेरच्या बाजूला टेकवतात. हा स्प्रे उणे २६ अंश सेल्सिअसच्या आसपास गार असतो. सुरुवात दुखऱ्या दातापासून करायची नसते. आधी दुसऱ्या बाजूचा तोच दात, मग शेजारचे, शेवटी संशयित. निरोगी दाताला किती गार लागतं हे तुम्हालाही कळतं आणि आम्हालाही. आणि गोळी घेतलेल्या पेशंटमध्ये ही तुलनाच सगळ्यात जास्त कामी येते. गोळीने दुखरा दात थोडा शांत झाला असला, तरी तो इतरांपेक्षा वेगळा वागला तर लक्षात येतो.

तुमचं काम हे: गार जाणवताक्षणी हात वर करा, बोळा काढल्यावरही जाणवत असेल तोवर हात वरच ठेवा, आणि पूर्ण गेलं की खाली करा. हात खाली यायला किती सेकंद लागले यावर निदान बरंच अवलंबून असतं. नुसतं गार लागलं की कळ आली, हेही वेगळं सांगा. धीर दाखवायची ही जागा नाही. पुरुष पेशंट, विशेषतः वयस्क, "काही नाही, चालू द्या" म्हणतात आणि त्यामुळे निदान चुकतं.

मग आरशाच्या दांड्याने दातावर टकटक करतात, मुळाशी हिरडी दाबून बघतात. ही चाचणी नसेची नसून दाताच्या मुळाभोवतालच्या पडद्याची असते. तिथली सूजही प्रोस्टाग्लँडिनमुळे हळवी असते, म्हणून गोळी तिलाही गप्प करते. विजेचं यंत्र टेकवून जो आकडा येतो, तो फक्त एवढंच सांगतो की मज्जातंतू उत्तर देतायत की नाही. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असं नसतं, आणि रक्तपुरवठा शाबूत आहे का हेही त्यातून कळत नाही. दाताला मार लागला असेल, ब्रेसेस चालू असतील, वयामुळे नळ्या अरुंद झाल्या असतील किंवा लहान मुलाच्या नव्या दाताचं मूळ पूर्ण झालेलं नसेल, तर गोळी न घेताही हे यंत्र फसवतं.

पाचवी पायरी: उत्तरं जुळत नसतील तर

घरी लिहिलेल्या ओळी आणि खुर्चीतली तपासणी यांत तफावत दिसली, तर ती बोलून दाखवा. "काल रात्री चहाने दहा मिनिटं दुखत होतं, आज काहीच नाही, गोळी नऊ वाजता घेतलीय." एवढ्या एका वाक्याने डॉक्टरांची दिशा बदलू शकते.

अशा वेळी चावून बघण्याची चाचणी करायला सांगा. प्लॅस्टिकचं छोटं साधन किंवा कापसाची गुंडाळी एकेका दाढेवर ठेवून चावायला लावतात. २०१४ च्या अभ्यासात जोर मोजणारं उपकरण होतं, दवाखान्यातली ही पद्धत त्याहून साधी आहे, पण तत्त्व तेच: टकटक केल्यावर न दुखणारी दाढ जोराने चावल्यावर बोलते. एक्स-रे हवाच, पण त्याच्याकडून जास्त अपेक्षा नको. सुजलेली नस एक्स-रेत दिसत नाही, आणि मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसायला हाडातला बराच खनिज भाग जावा लागतो. तरीही कीड किती खोल गेलीय, जुन्या फिलिंगखाली काय आहे, हे एक्स-रेवर गोळीचा परिणाम न होता कळतं. वरची दाढ की खालची हे ठरत नसेल, तर एकाच जागी भूल देऊन दुखणं थांबतं का हे बघण्याची रीतही आहे. अर्थात त्यासाठी त्या वेळी दुखत असावं लागतं, म्हणजे पुन्हा गोळीचाच प्रश्न.

एवढं करूनही ठरलं नाही तर सरळ उद्या सकाळी गोळी न घेता परत या. संशयावर दाढ उघडण्यापेक्षा एक खेप जास्त परवडली. डॉक्टर स्वतःहून "आज थांबू" म्हणाले तर त्यांना काही येत नाही असं समजू नका. ते काळजी घेतायत.

निदान झाल्यावर गोळीची बाजू उलटते

एकदा दात नक्की झाला की पेनकिलर मदतीला येते. सुजलेल्या नसेच्या खालच्या दाढेला भूल नीट लागत नाही, हा आमचा जुना त्रास. रूट कॅनलच्या सुमारे तासभर आधी आयबुप्रोफेन दिलं तर खालच्या जबड्याची भूल यशस्वी होण्याचं प्रमाण वाढतं, असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून गोळी सोबत घेऊन या. तपासणी झाली, दात ठरला, की विचारा: "आता घेऊ का?" काम झाल्यावरही पहिले एक-दोन दिवस दुखण्याची वाट न बघता, सांगितलेल्या वेळेला गोळी घ्या. तेव्हा झाकायचं काही उरलेलं नसतं.

गोळी न घेताच दुखणं थांबलं तर

चार दिवस ठणकणारी दाढ पाचव्या दिवशी आपोआप शांत होते आणि लोक अपॉइंटमेंट रद्द करतात. तसं करू नका. अशी दाढ बरी झालेली असण्यापेक्षा तिची नस मेलेली असण्याची शक्यता जास्त. मेलेल्या नसेला थंड कळत नाही, म्हणून पाणी पिताना आराम वाटतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात शिरत राहतात, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हिरडीवर पुळी किंवा गालावर सूज येते.

ठरलेल्या दिवशी जाच. दुखणं कधी सुरू झालं, कोणत्या दिवशी थांबलं आणि शेवटची गोळी त्याच्या किती आधी घेतली होती, हे सांगा. गोळी उतरून दोन-तीन दिवस झालेत आणि तरी दाढ थंडाला गप्प आहे, हे स्वच्छ उत्तर असतं, आणि एक्स-रे व शेजारच्या दातांशी तुलना करून त्यावर काम करता येतं.